इंदुबाईच्या नावापुढचा शेरा

दोन हजार अठराच्या जानेवारीत कोथरूडच्या रानजाई सोसायटीने फाटकावर अंगठ्याचं यंत्र बसवलं. ते घरकामाच्या बायकांसाठी होतं. रहिवाशांसाठी नाही, त्यांच्या पाहुण्यांसाठीही नाही. बाईने आत येताना अंगठा द्यायचा, जाताना पुन्हा द्यायचा, की ती कुठल्या घरात किती मिनिटं होती ते सगळ्या रहिवाशांच्या मोबाईलवर दिसायचं. तिच्या फोटोखाली तारे असायचे. पाचपैकी किती द्यायचे, ते कुणीही ठरवावं. ताऱ्यांच्या खाली एक चौकट होती, 'शेरा' नावाची.

प्रियदर्शनी गजभिये तिथे सी विंगमध्ये भाड्याने राहायची. मूळची नागपूरची. वडील रेल्वेत कारकून, ती स्वतः हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला. पुण्यात घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं आणि आडनाव सांगितलं की घर 'आत्ताच गेलेलं' असायचं. तीनदा असं झालं होतं. आपल्या नावापुढे कुणीतरी काहीतरी लिहून ठेवतं आणि ते आपल्याला दिसत नाही, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिच्याकडे स्वयंपाकाला इंदुबाई यायच्या. पन्नाशीच्या, सुतारदऱ्यात राहणाऱ्या, रानजाईत पाच घरं करणाऱ्या. पहिल्यांदा अंगठा देऊन वर आल्या तेव्हा कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, मला बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं."

प्रियदर्शनी हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी तिने ते 'मोकळीक'च्या बैठकीत सांगितलं.

'मोकळीक' म्हणजे शनिवार पेठेत एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जमणारी सात-आठ माणसं. परवाने, सक्तीच्या नोंदण्या, कॅमेरे, या सगळ्यांविरुद्ध ती पत्रकं काढायची आणि माहिती अधिकाराचे अर्ज टाकायची. खोली वैजनाथ केळकरांची होती. वय बासष्ट. तरुणपणी त्यांनी इंटरकॉम बनवायचा छोटा कारखाना काढायचं ठरवलं होतं. परवानगी यायला नऊ वर्षं लागली. ती आली तोवर देशाचा बाजार मोकळा झाला होता आणि बाहेरचे स्वस्त सेट रस्त्यावर विकायला आले होते. ती परवानगी त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली होती. नवीन माणसाने विचारलं की म्हणायचे, "आमच्या कारखान्याचं मृत्युपत्र."

वैजनाथांचं म्हणणं साधं होतं. माणसाने दुसऱ्याचं वाकडं केलेलं नसेल, तर त्याला कुणी हिशेब विचारू नये. सरकारने विचारू नये आणि सोसायटीनेही विचारू नये.

त्यांनीच मार्ग सुचवला. फोनवर निरोप पाठवायचं एक अ‍ॅप होतं, ज्यातले निरोप मधेच कुणाला वाचता येत नाहीत आणि काही तासांनी आपोआप पुसले जातात. त्यावर बायकांचा ग्रुप करायचा. खरी नावं ठेवायची नाहीत.

इंदुबाईंनी आठवड्याभरात स्वतःसकट तेवीस बायका गोळा केल्या. दुपारच्या वेळी प्रियदर्शनीच्या घरी चार-चार जणी येऊन फोनवर ते अ‍ॅप टाकून घ्यायच्या. नावं भाज्यांची घेतली. ललिता नावाची एक भांडीवाली होती, सेक्रेटरी हिंमतराव जगतापांच्या घरी काम करणारी. ती म्हणाली, "मी शेपू. कुणालाच आवडत नाही, म्हणून कुणी ओळखणारही नाही." त्या दिवशी खोलीत खूप हशा पिकला. ठरलं असं, की एक मार्चला तेवीसही जणींनी फाटकावर यायचं, अंगठा द्यायचा नाही, नुसतं उभं राहायचं.

वैजनाथांनी प्रियदर्शनीला बजावलं होतं, "यादी ठेवू नका. कागदावर नको, मोबाईलवर नको. डोक्यात राहील तेवढंच आपलं."

डोक्यात राहीना. कोण दोडका, कोण घेवडा, कोणत्या इमारतीत, किती वाजता मोकळी. तपासणीच्या कामात हाताला तक्त्याची सवय. तिने एक तक्ता केला आणि इंटरनेटवर ठेवला. भाजीचं नाव, खरं नाव, घर नंबर. इंदुबाईंच्या नावापुढे तिने 'म्होरक्या' असं लिहिलं, कौतुकाने.

सव्वीस फेब्रुवारीला दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनच्या रांगेत उभी असताना तिने त्या तक्त्याची लिंक वैजनाथांना पाठवायला म्हणून चिकटवली. ती गेली रानजाईच्या रहिवाशांच्या ग्रुपवर. तिला कळलं तेव्हा हातातला ट्रे तिरका झाला आणि आमटी पुढच्या माणसाच्या बुटांवर सांडली. तिने लिंक पुसली, तक्ताही पुसला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल. "सॉरी, चुकून ऑफिसचं आलं," असं तिने लिहिलं. कुणी काही बोललं नाही. एका आजोबांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

दोन दिवस काहीच घडलं नाही. तिला वाटलं, निभावलं.

एक मार्चला सकाळी फाटकावर हिंमतराव स्वतः खुर्ची टाकून बसले होते. हातात छापील कागद होता. एकेका बाईला नावाने हाक मारून ते ऑफिसात बोलावत होते. "या दोडकाबाई. बसा घेवडाताई." आत काय झालं ते सगळ्यांनी सारखंच सांगितलं. फोन काढायला लावला, ग्रुप पुसायला लावला, अंगठा घेतला, आणि 'पुन्हा असं करणार नाही' यावर सही. बावीस जणींनी केली. नाही केली तर त्याच दिवशी घरं जाणार होती.

इंदुबाई म्हणाल्या, "अंगठा देते. माफी मागणार नाही. मी चोरी केली नाही."

"चोरीचं कोण बोललंय?" हिंमतराव म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या नावापुढे शेरा आला. 'चोरीचा संशय. कामावर ठेवू नये.' फाटकावरचं ते अ‍ॅप कोथरूडच्या पन्नासएक सोसायट्यांत होतं. दुसऱ्या दिवसापासून इंदुबाई कुठल्याही फाटकावर गेल्या तरी वॉचमनच्या फोनवर त्यांचा फोटो लाल चौकटीत यायचा.

यादी कुणी दिली, हे बायकांनी दोन दिवसांत ठरवलं. ललिताने. तीच तर हिंमतरावांच्या घरी भांडी घासत होती. ललिताने देवाच्या, लेकीच्या शपथा घेतल्या. कुणी ऐकलं नाही. इंदुबाईंनीही तिच्याशी बोलणं टाकलं.

प्रियदर्शनीने फक्त वैजनाथांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बायकांना सांगा. आजच सांगा."

"आधी शेरा काढून घेते," ती म्हणाली. "मग सांगते."

"उलटं करा."

तिने उलटं केलं नाही.

शेरा काढून घ्यायला ती हिंमतरावांकडे गेली. त्यांनी चहा दिला. "मॅडम, माझ्या हातात असतं तर काढलाच असता. पण शेरा ज्याने लिहिला त्यानेच मागे घ्यायचा, असा कंपनीचा नियम आहे. आणि तो पूर्वाने लिहिलाय." पूर्वा ही ए विंगमधली सव्वीस वर्षांची मुलगी. तंत्रज्ञानातलं कळतं म्हणून कमिटीने अ‍ॅपचं काम तिच्याकडे सोपवलेलं. प्रियदर्शनी तिच्या दारात दोनदा गेली. दार उघडलं नाही. मार्च संपता संपता पूर्वा नोकरी बदलून हैदराबादला गेली.

प्रियदर्शनीने कंपनीला अकरा पत्रं पाठवली. प्रत्येकाला तेच उत्तर आलं, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' वकील म्हणाला, अब्रूनुकसानीचा दावा टाकता येईल, पण सात-आठ वर्षं धरून चाला. 'मोकळीक'ने पत्रक काढलं. ते वाटायला रानजाईच्या फाटकावर वैजनाथ एकटेच तीन दिवस उभे होते.

इंदुबाईंना मार्च-एप्रिलमध्ये काम मिळालं नाही. मे महिन्यात एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला गेल्या, लग्नसराई संपली तसं तेही संपलं. जूनमध्ये त्या प्रियदर्शनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वॉचमनने त्यांना आत कसं सोडलं कुणास ठाऊक. घरात आल्या नाहीत.

"ताई, एकच विचारते. मी तो कागद सही केला असता तर हे झालं नसतं ना?"

"नसतं झालं."

"मग मला तुम्ही शिकवलं कशाला?"

त्या रात्री प्रियदर्शनीने पूर्वाला ईमेलने एक पत्र लिहिलं. ते विनवणीचंच होतं.

जुलैत पूर्वाचं उत्तर आलं आणि मग फोनही आला. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मी काढते ना तो शेरा, खरंच काढते. पण लॉगिन होत नाही. ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि तो नंबर मी बंद केला."

प्रियदर्शनीने जुना नंबर फिरवला. तीन-चार घंट्या झाल्या आणि एका पुरुषाने उचलला.

"पोपट काळभोर बोलतोय. रोपं पायजेत का?"

नंबर दुसऱ्याला गेला होता. पोपटरावांची लोणी काळभोरला रोपवाटिका होती, त्यांनी पत्ताही मोकळेपणाने सांगितला. मग तिने 'ओटीपी' हा शब्द उच्चारला आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो तिच्यासाठी कायमचा बंद झाला.

"आपण जाऊ," ती वैजनाथांना म्हणाली. "इंदुबाईंना घेऊन जाऊ. समोर बघितल्यावर देतील."

वैजनाथ तयार झाले, पण त्यांचा चेहरा बरा नव्हता.

शनिवारी तिघं दोन बस बदलून लोणीला पोचले. रोपवाटिका हमरस्त्याला लागूनच होती. हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या रांगा, पलीकडे पत्र्याचं घर. पोपटराव चाळिशीचे, हात मातीने भरलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाय जमायचं. माझ्या मेव्हण्याला असंच गोड बोलून लुबाडलं. एक बाई रडत व्हती फोनवर, म्हणं पोरगं दवाखान्यात हाय. तवापासून मी ठरवलंय, ओटीपी म्हंजे ओटीपी. सख्ख्या भावाला बी द्यायचा न्हाय."

"पण दादा, हा बँकेचा नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"समदे असंच म्हणत्यात."

"तुम्ही पोलिसांना बोलवा हवं तर. माझं ओळखपत्र ठेवून घ्या, फोन ठेवून घ्या. या बाईकडे बघा. पाच महिने काम नाही तिला." तिने खरोखरच पिशवीतून ओळखपत्र काढून मातीच्या ओट्यावर ठेवलं, वर फोन ठेवला, मग हातातलं घड्याळही काढून ठेवायला लागली.

वैजनाथ उठले. "ते घड्याळ घाला आधी," ते म्हणाले. मग पोपटरावांना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. नका देऊ."

प्रियदर्शनी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"तुमच्याच. पण ज्यासाठी आपण तीस पत्रकं काढली, तेच हे गृहस्थ करताहेत. आपल्या दारात येऊन कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचा हक्क. आता आपली नड आहे म्हणून त्यांना भीड घालू? मला यायलाच नको होतं."

पोपटरावांच्या आई, गोदाबाई, पत्र्याच्या दारात बसून सगळं बघत होत्या. त्यांनी इंदुबाईंना हाक मारली. "बाई, हिकडं ये. पानी पी. काय लिवलंय म्हनं तुझ्या नावाम्होरं?"

"चोर," इंदुबाई म्हणाल्या.

"हायेस का?"

"नाही."

गोदाबाईंनी लेकाकडे बघितलं. "जिनं लिवलं तिला इचार की. फोन तुझ्याच हातात हाय."

पोपटरावांना ते पटलं. त्यांनी प्रियदर्शनीकडून नंबर घेऊन स्वतःच्या फोनवरून पूर्वाला फोन लावला. तिने उचलला नाही. तासभर सगळे तिथेच बसले. पोपटरावांनी गिऱ्हाईकाला दोन ट्रे मिरचीची रोपं दिली. मग पूर्वाचाच फोन आला. पोपटरावांनी आवाज मोठा केला आणि फोन ओट्यावर ठेवला.

"ह्यो नंबर आधी तुमचा व्हता का?"

"हो काका. मार्चपर्यंत."

"एक सांगा. ह्या इंदुबाईनं चोरी केली व्हती?"

"नाही."

"मग लिवलं कशापायी?"

"सेक्रेटरी म्हणाले, लिही. म्हणाले, एकीला धडा मिळाला की बाकीच्या सरळ होतात. मला वाटलं, दोन दिवसांनी काढता येईल."

"हिचंच नाव का?"

"यादीत तिच्यापुढे म्होरक्या लिहिलं होतं ना." पूर्वा रडायला लागली होती. "यादी प्रियदर्शनीने टाकली ग्रुपवर. चुकून पडली तिच्याकडून. मी सोडून बहुतेक कुणी उघडलीही नसेल. मी फोटो काढून सेक्रेटरींना दाखवला. सॉरी म्हणावं त्या मावशींना."

इंदुबाईंनी मान वळवून प्रियदर्शनीकडे बघितलं. रागाने नाही. एखादं ओळखीचं घर पाडलेलं दिसावं आणि तिथे काय होतं ते आठवू नये, तसं.

"ललिता नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

पोपटराव उठले. हात पाण्याने धुतले, फोन उचलला आणि पूर्वाला म्हणाले, "पाठवा तुमचा ओटीपी. पर मी फकस्त तुमालाच वाचून दावनार, हितं कुनाला न्हाय." ते पलीकडच्या रांगेत गेले आणि पाठ करून एकेक आकडा सांगत उभे राहिले.

पाच-सात मिनिटांत पूर्वाने कळवलं, शेरा गेला. प्रियदर्शनीने आपल्या फोनवर उघडून बघितलं. लाल चौकट नव्हती. फोटोखाली तारेही परत आले होते. त्याखाली करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'एक शेरा मागे घेण्यात आला.' तिने ती ओळ दाबून बघितली, बाजूला सरकवून बघितली, पूर्वाला विचारलं. ती ओळ काढायची सोयच नव्हती.

तिने ते इंदुबाईंना वाचून दाखवलं. आता काहीही लपवायचं तिच्यात त्राण नव्हतं.

"म्हणजे वॉचमन विचारणार, कसला शेरा होता," इंदुबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मी सांगायचं."

निघताना गोदाबाईंनी इंदुबाईंच्या पिशवीत कढीपत्त्याचं एक रोप घातलं. वैजनाथांनी पोपटरावांना वाकून नमस्कार केला. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसाला.

परतीच्या बसमध्ये इंदुबाई पुढच्या बाकावर एकट्या बसल्या. हडपसर गेलं, स्वारगेट आलं, तिथे बस बदलली, तरी त्या पुन्हा पुढेच जाऊन बसल्या. वैजनाथ शनिवार पेठेत जायला उतरले. उतरताना त्यांनी प्रियदर्शनीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

कोथरूडला उतरल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, "इंदुबाई, मी उद्या सगळ्यांना..."

"उद्या नाही. आत्ता. आधी ललिताकडे."

सुतारदऱ्याच्या चढावर ललिताचं घर होतं. ती दारात कोथिंबीर निवडत बसली होती. दोघींना बघून उठली नाही. प्रियदर्शनीने उभ्याउभ्या सांगितलं. यादी आपण केली, आपल्या हातून गेली, आणि पाच महिने गप्प बसलो. वाक्य सुरू केलं की मधेच तुटत होतं, पण तिने सगळं सांगितलं. आजूबाजूच्या दोन दारांतल्या बायका बाहेर येऊन ऐकत होत्या.

ललिता कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "मे महिन्यात माझ्या अक्षताचा साखरपुडा झाला. या गल्लीतली एक बाई आली नाही. पाहुण्यांनी विचारलं, तुमच्यात कुणी येत-जात नाही का. काय सांगू?"

"माझं चुकलं," प्रियदर्शनी म्हणाली.

"तुमचं राहू द्या. तुम्ही फ्लॅटवाल्या, वरच्या." तिने इंदुबाईंकडे मान वळवली. "तू ये ना पुढे. तू सतरा वर्षं माझ्या शेजारी राहिलीस. तूसुद्धा?"

इंदुबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग हुंदका. पाच महिन्यांत कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. ललिता उठली नाही, जवळही गेली नाही. पण तिने कोथिंबिरीची अर्धी जुडी इंदुबाईंच्या पुढ्यात सरकवली, आणि थोड्या वेळाने इंदुबाईंनी ती निवडायला घेतली.

प्रियदर्शनी अजून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.